नमुन्याचा वाफा

गांजाच्या शेतीचा परवाना मागणारी बाई म्हणून त्या सरकारी इमारतीत मला चहावाल्यापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे ओळखायला लागले होते. मी प्रत्येकाला समजावून सांगायची, गांजा नाही हो, झाड भांगेच्याच जातीचं, पण सुतासाठीचं. त्यात नशा नावालाच असते. दांडा उंच वाढतो, साल सोलली की अंबाडीसारखा, पण तिच्याहून चिवट आणि मऊ धागा निघतो. त्याचं कापड होतं. उत्तराखंडात सरकार त्यासाठी परवाना देतं. समोरचा माणूस हे सगळं मान डोलवत ऐकून घ्यायचा आणि शेजारच्या टेबलाला सांगायचा, "या मॅडम गांजावाल्या."

एका खात्यानं सांगितलं, हे पीक आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे जा. दुसऱ्यानं सांगितलं, कायद्यानं राज्याला परवाना देता येतो, पण आपल्याकडे तसे नियम झालेले नाहीत. मग मी काय करू? तर ऑनलाइन अर्ज करून ठेवा. अर्ज केला, तर म्हणाले, छापील प्रत घेऊन या. मी चपला झिजवल्या. माझा स्वभाव तापट आहे असं सासरचे आणि माहेरचे दोघंही म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण त्या इमारतीत मी जेवढा राग गिळला तेवढं अन्नही त्या वर्षी गिळलं नसेल. अर्ज माझ्या नावावर असला तरी परवाना मला माझ्यासाठी नको होता. तो मामाजींसाठी हवा होता.

मामाजी म्हणजे माझे सासरे, नत्थूजी बारापात्रे. आमच्याकडे सून सासऱ्यांना मामाजीच म्हणते. नागपुरात तांडापेठेत आमचं घर. जात कोष्ट्याची, धंदा विणायचा. गल्लीत एके काळी घरोघरी माग होते. आता कुणाचा पोरगा शोरूममध्ये उभा असतो, कुणाचा कर्जवसुलीला फिरतो. माझा नवरा पंकज एसी दुरुस्त करतो. मागावर बसणारे फक्त मामाजी उरले होते, आणि सासूबाई, म्हणजे रुख्माबाई, गेल्या तेव्हा त्यांनीही मागावर जुनी चादर टाकली आणि ते दारातल्या खुर्चीत जाऊन बसले. सकाळी बसायचे ते ऊन अंगावर येईपर्यंत. बोलायचे नाहीत. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर विचारायचे नाहीत. मला वाटायचं, हा माणूस आता फक्त वाट पाहतो आहे.

मग एका प्रदर्शनात मला बंगळुरूची एक बाई भेटली. तिला भांगेच्या सुताचं हातमागावरचं कापड हवं होतं आणि ते विणून देणारं कुणी सापडत नव्हतं. मी थोडं सूत मागवलं आणि मामाजींच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते बोटांवर घेतलं, दाताखाली धरून तोडून पाहिलं, पुन्हा हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मागावरची चादर घडी करून ठेवलेली होती.

त्यांनी विणलेला पहिला पंचा पाहून त्या बाईनं तसेच पुन्हा पुन्हा मागवले. मामाजी बोलायला लागले, माझ्या भाजीत मीठ कमी आहे म्हणायला लागले. मीठ खरंच कमी होतं, पण मला तेव्हा रडू आलं. अडचण एकच होती, सूत. ते पार डोंगरातून यायचं, कधी जाड, कधी बारीक, आणि कधी महिनोन्‌महिने यायचंच नाही. सूत थांबलं की मामाजी पुन्हा खुर्चीत. एकदा तेच म्हणाले, "आपल्याच वावरात लावलं तं?"

माझं माहेर कुहीजवळचं. बापाच्या वाट्यातली थोडी जमीन माझ्या नावावर आहे. माझा भाऊ दुर्गेश त्याच्या जमिनीबरोबर तीही वाहतो. म्हणून अर्ज माझ्या नावाचा.

उन्हाळ्यात एकदाचे त्या ऑफिसातले साहेब बोलले, पावसाळा उतरला की जागा पाहायला येऊ, मग अर्जावर शेरा लिहू. मी घरी येऊन ते सांगितलं. पंकजनं पेढे आणले. मामाजींनी पेढा हातातच ठेवला.

"काय पाहाले येनार?" त्यांनी विचारलं.

"जागा, मामाजी."

"खाली जागा पाहून काय समजन त्याईले?"

"कुंपण आहे का, रस्ता कुठून आहे, असंच पाहतीन."

"हूं," म्हणाले आणि पेढा खाल्ला.

आता ही गोष्ट कोष्ट्यांबाहेरच्या माणसाला सांगावी लागेल. आमच्यात कुणी मोकळ्या हातानं मागणी मागायला जात नाही. इतवारीतल्या पेढीवर जायचं तर आधी वीतभर नमुना विणायचा, तोही आपल्या पदरच्या सुताचा. व्यापारी तो अंगठ्याखाली घासणार, उलटा करून पाहणार, उजेडाकडे धरणार, आणि मग सांगणार, टाक इतक्या साड्या. नमुना न नेता काम मागणं म्हणजे हात पसरणं. मामाजींच्या वडिलांनी ते कधी केलं नाही, मामाजींनी केलं नाही. सासूबाईंना मागणी घालायला गेले तेव्हासुद्धा म्हणे खिशात स्वतः विणलेल्या काठाचा तुकडा होता, आणि सासूबाईंच्या वडिलांनी मुलाकडे पाहायच्या आधी तो पाहिला. सरकार हा मामाजींच्या लेखी आणखी एक व्यापारी होता. मोठा, पण व्यापारीच. तो माल पाहायला येणार आणि आपण त्याला रिकामं वावर दाखवायचं, हे त्यांना पटण्यासारखंच नव्हतं.

बी घरात होतं. सूतवाल्यानं सुतासोबत चटणीसाठी म्हणून थैलीभर पाठवलं होतं. ते बी दुकानात उघड विकतात, लोक खातात. या कायद्याचं मला आजही नवल वाटतं. बी घरात ठेवा, गुन्हा नाही. सूत विका, गुन्हा नाही. कापड अंगावर घाला, गुन्हा नाही. मधलं झाड तेवढं गुन्हा.

पावसाळा लागल्यावर मामाजी कुहीच्या एसटीनं जायला लागले. "तुह्या भावाचं वावर पाहून येतो," म्हणायचे. मला बरं वाटायचं. म्हातारा माणूस खुर्ची सोडून हिंडतो आहे, दुर्गेशकडे भाकर खातो आहे, अजून काय पाहिजे? येताना चिखलानं भरलेल्या चपला दारातच धुवायचे. दुर्गेशनं तुरीच्या पलीकडे नाल्याकडच्या तुकड्यात काहीतरी वाढलेलं पाहिलंही होतं. पण त्या झाडाचं पान अंबाडीच्या पानासारखं असतं आणि आमच्याकडे बांधाबांधाला अंबाडी लावतात. म्हाताऱ्यानं दोरासाठी अंबाडी टाकली असेल, असं समजून त्यानं विचारलंच नाही.

दसऱ्यानंतर साहेब आले. सोबत ऑफिसातला एक कारकून आणि एक कृषी सहायक होता. पंकजला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून मी एकटीच त्यांच्या गाडीतून गेले. वावराच्या तोंडाशी मामाजी उभे. सकाळच्या एसटीनं आले असणार. अंगावर धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, खांद्यावर त्यांच्याच हातचा पंचा. मला वाटलं, साहेबांना नमस्कार करायला आले.

"हे माझे सासरे," मी म्हटलं.

"रामराम साहेब," मामाजी म्हणाले. "या इकडून या. चिखल आहे, पाय सांभाळा."

आम्ही त्यांच्या मागोमाग तुरीतून गेलो. तूर संपली आणि समोर तो वाफा आला.

झाडं माझ्या डोक्याच्याही वर गेली होती. घरातल्या देवघराएवढीच काय ती जागा, पण तिच्यात एक काडी इकडची तिकडे नव्हती. दोन्ही टोकांना खुंट्या अजून तशाच होत्या आणि त्यांना मागावरच्या ताण्याचं सूत बांधलेलं होतं. त्या सुतावरून त्यांनी रांगा धरल्या होत्या. मी इतके महिने त्या ऑफिसात बसून कायदा वाचला होता. ते झाड काय आहे आणि ते तिथं उभं असणं म्हणजे काय, हे तिथल्या तिघांपेक्षा आधी मला कळलं.

"मामाजी, हे काय केलं?"

"नमुना," ते म्हणाले. मला नाही, साहेबांना. "तुमी एवढ्या दूर येनार, तं खाली हात कसे जानार? थोडासाच टाकला. तुमाले पसंत पडला तं सून पुढच्या साली पुरं वावर लावन. हे पाहा."

त्यांनी एक दांडा मोडला, साल दातानं धरून सोलली आणि तिचा लांब पदर काढून साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो घेतला. माणूस वाईट नव्हता, हे मी आज रागातही सांगते. तो त्या सालीकडे आणि मामाजींच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत राहिला. मग त्यानं ती साल कारकुनाकडे दिली, रुमालानं हात पुसले आणि मला म्हणाला, "ताई, मी हे पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. आता पाहिलं. तीन माणसांनी पाहिलं."

"साहेब, ते म्हातारे आहेत. त्यांना माहीत नाही. आत्ता उपटून टाकते."

"हात लावू नका," तो म्हणाला. "तेही गुन्ह्यात येईल." आणि तो फोन घेऊन तुरीपलीकडे गेला.

मामाजींना वाटलं, साहेब वरच्यांना विचारायला गेले. ते खूश होते. कृषी सहायकाला सांगत होते की, ओल कशी धरली, दाट पेरलं की दांडा सरळ कसा जातो. तो बिचारा खाली मान घालून उभा.

पोलीस आले तेव्हाही मामाजींना उमगलं नाही. पंचनामा सुरू झाला. शिपाई टेप घेऊन वाफा मोजायला लागला, त्याचं टोक सारखं सुटत होतं, तर मामाजींनी जाऊन ते दाबून धरलं. जमादार फोटो काढता काढता म्हणाला, "लाइनी पाहा. एकदम प्रोफेशनल काम आहे." मामाजींनी ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहून हसले. त्या हसण्याची आठवण झाली की मला आजही कुणाच्या तरी मुस्काटात मारावीशी वाटते, आणि कुणाच्या ते ठरवता येत नाही.

"जमीन कोणाची?" जमादारानं विचारलं.

"माझी," मी म्हटलं.

"पेरलं कोणी?"

मी तोंड उघडायच्या आधी मामाजी म्हणाले, "मी. सुनेनं तं आज पाह्यलं. काहून, काय झालं?"

तेव्हा जमादारानं त्यांना सांगितलं की काय झालं. मामाजी टेपचं टोक हातात धरून तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "पन आमी तं परवानाच मागून राहिलो ना."

त्यांना तुरुंगात पाठवलं. मला आणि दुर्गेशला ठाण्यात बसवून जबाब घेतले आणि सोडलं. आम्ही एक वकील केली, रितिका म्हणून, तरुण पण हुशार. तिनं आधीच सांगितलं की सेशन कोर्टात जामीन अवघड जाईल, आणि तसंच झालं. सरकारी वकिलानं माझाच अर्ज पुढे केला. ज्या घरानं परवान्यासाठी अर्ज केला, त्या घराला परवान्याशिवाय पेरणं गुन्हा आहे हे माहीत होतंच, असं त्याचं म्हणणं. आम्ही अर्जच केला नसता, चोरून पेरलं असतं, तर म्हाताऱ्याला काही कळत नव्हतं असं म्हणता आलं असतं. प्रामाणिकपणाचं हे फळ.

मामाजींना पकडलं त्याच्या पुढच्याच आठवड्यात अर्जाचा निकाल माझ्या मोबाईलवर आला. नामंजूर. कारण एका ओळीचं: जागेवर अवैध लागवड आढळली.

तुरुंगातल्या भेटीला मुलाखत म्हणतात. पहिल्या मुलाखतीला मी आणि पंकज गेलो तेव्हा काचेपलीकडे मामाजी नव्हतेच, त्यांचा सांगाडा होता. शिपाई म्हणाला, हे जेवत नाहीत. मामाजींनी फोन कानाला लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "परवान्याचं काय झालं?"

फोन पंकजच्या हातात होता. तो बापाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "चालू आहे बाबा. होऊन राहिलं."

मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मामाजींच्या तोंडावर थोडा रंग आला. "नमुना पाह्यला ना त्याईनं," ते म्हणाले. "मंग होईन."

बाहेर आल्यावर मी पंकजला फैलावर घेतलं. रस्त्यात, लोकांसमोर. तो म्हणाला, "तू पाह्यलं नाही का त्याईचं तोंड? खरं सांगतलं तं तिथीच मरतीन ते."

"अन् खोट्यावर किती दिवस जगवशीन?"

"जामीन होयेपर्यंत. घरी आले की सांगू."

पुढच्या वेळी शिपाई म्हणाला, आता जेवतात तुमचे बाबा. मग मीही पंकजला अडवलं नाही. मामाजी दर मुलाखतीला तेच विचारायचे आणि पंकज तेच सांगायचा. थंडी गेली, ऊन तापायला लागलं. मामाजींच्या दाढेचं दुखणं निघालं, बराकीत कुणीतरी त्यांचा पंचा चोरला. पण ते आशेवर होते. माझ्याशी बोलायची पाळी आली की सांगायचे, मागाला घुशी लागू देऊ नको, फणीला तेल लाव.

एकदा मात्र त्यांनी विचारलं, "इतका टाइम काहून लागून राहिला गा?"

पंकज अडखळला. मग म्हणाला, "तुमची केस चालू आहे ना, बाबा. त्या जमिनीवर मामला आहे तवरोक फाईल पुढे सरकत नाही. केस संपली की देतीन."

मामाजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "म्हंजे माह्यापायी अडून आहे."

त्या दिवशी मी पंकजशी भांडलेसुद्धा नाही. मी एवढंच सांगितलं की पुढच्या मुलाखतीला फोन माझ्या हातात राहील आणि मी खरं सांगेन. मग त्यांचं काय व्हायचं ते होवो. पंकज हो म्हणाला. त्यालाही ते ओझं झेपेनासं झालं होतं. पण पुढची मुलाखत व्हायच्या आधी कोर्टाची तारीख आली.

रितिका मॅडम त्या दिवशी पहिल्यांदाच हसतमुख होत्या. प्रयोगशाळेचा अहवाल आला होता, झाडात नशा नावालाच निघाली होती. हायकोर्टात जामिनाची सुनावणी पुढच्याच आठवड्यात होती आणि या अहवालावर तो नक्की होईल, असं त्या म्हणाल्या. "आज फक्त आरोप वाचून दाखवतील. गुन्हा कबूल आहे का विचारतील. नत्थूजींनी 'कबूल नाही' एवढंच म्हणायचं. मी त्यांना जेलमध्ये जाऊन दोनदा समजावलं आहे."

पुकारा झाला. मामाजी पिंजऱ्यात उभे राहिले. धोतर मळलेलं, पण नीट नेसलेलं. न्यायाधीश साहेबांनी आरोप वाचला आणि मराठीत समजावून सांगितला.

"समजलं का?"

"समजलं जी."

"गुन्हा कबूल आहे का?"

मामाजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग समोर पाहून म्हणाले, "कबूल आहे."

रितिका मॅडम उठल्या, वेळ मागायला लागल्या. न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं आणि मामाजींना विचारलं, कोणी दबाव आणला का? शिक्षा दहा वर्षांपर्यंत होऊ शकते, हे माहीत आहे का?

"कोनाचा दबाव नाही साहेब. मीच पेरलं. बिगर परवान्याचं पेरलं. सुनेले माहीत नव्हतं. मले एकच पाहिजे, मामला आजच संपवा."

न्यायाधीशांनी त्यांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत विचार करायला सांगितलं. सोबतच्या शिपायानं दया केली आणि व्हरांड्यात बाकावर आम्हाला त्यांच्याजवळ बसू दिलं. मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली आणि एका दमात सांगून टाकलं.

"मामाजी, परवाना भेटत नाही. तुमाले पकडलं त्याच्या दुसऱ्याच हप्त्यात अर्ज नामंजूर झाला. आता काहीच चालू नाही. यायनं तुमाले खोटं सांगतलं."

मामाजींनी पंकजकडे पाहिलं. पंकज त्यांच्या पायाशी खाली बसला. "हो बाबा. मी खोटं बोललो. तुमी जेवत नव्हते म्हणून बोललो. तुमी आत जाऊन नाही म्हणा. पुढच्या हप्त्यात घरी येता तुमी."

मामाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि हसले. वाफ्यावर हसले होते तसे नाही. लहान पोराची चोरी पकडल्यावर हसतात तसं.

"मले सोडवाले बोलून राहिले तुमी दोघं. इतके महिने चालू आहे म्हनत होते, अन् आज मी कबूल म्हनलं तं लगेच नामंजूर झाला?"

मी मोबाईल काढला. अर्ज उघडून त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. नामंजूर, लाल अक्षरात. त्यांनी ते वाचायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "मोबाईलचं काय वं," म्हणाले. "त्याच्यात काही बी लिहून येते."

"नत्थूजी, धनश्रीताई खरं बोलत आहेत," रितिका मॅडम म्हणाल्या. "मी वकील आहे, मी सांगते."

"तुमचं तं कामच आहे मॅडम, मले सोडवनं."

मी त्यांचा हात धरला. मी सासूबाईंची शपथ घेतली. माझा आवाज चढला, शिपायानं दटावलं. मी म्हटलं, मामाजी, तुम्ही तीन वर्षं, पाच वर्षं आत राहाल आणि हाती काही येणार नाही, माझं ऐका. त्यांनी दुसऱ्या हातानं माझा हात थोपटला आणि सोडवून घेतला. "तू रागाची आहे, पन मनाची साफ आहे," म्हणाले. "तुह्या वावरावर माह्यानं डाग लागला. तो मीच काढीन. मंग तुमी दोघं खुशाल लावा."

खऱ्याला कुणी इतकं प्रेमानं खोटं ठरवू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. पंकज व्हरांड्याच्या भिंतीला टेकून रडत होता. मी त्याच्यावर ओरडले नाही. ओरडून काय होणार होतं?

सुट्टीनंतर मामाजी पुन्हा पिंजऱ्यात उभे राहिले आणि पुन्हा कबूल म्हणाले. रितिका मॅडमनी वय सांगितलं, तब्येत सांगितली, नशा नसल्याचा अहवाल दाखवला. न्यायाधीशांनी ते सगळं लिहून घेतलं. तीन वर्षं सक्तमजुरी दिली, आत काढलेले महिने त्यातून वजा. मॅडम हळूच म्हणाल्या, "आता अपीलही कठीण. स्वतः कबूल केल्यावर शिक्षा कमी करा एवढंच म्हणता येतं." मामाजींचं वय त्र्याहत्तर आहे. त्यांच्या छातीत कफ आहे. हिशेब ज्याला करता येतो त्यानं करावा, मी केला नाही.

त्यांना खाली गाडीकडे नेलं. मी आणि पंकज जिन्यानं धावत गेलो. मामाजी गाडीच्या पायरीशी थांबले, आणि त्यांचा चेहरा इतका हलका होता की मला पाहवेना. मोठं काम हातावेगळं झाल्यावर मागावरून उठायचे, तेव्हा असेच दिसायचे.

"झालं," मला म्हणाले. "आता त्या वावरावर कोनतीच केस नाही राहिली. उद्या जाऊन साहेबाले सांगजो, मामला मिटला म्हना. आता फाईल काढा म्हना. जाशीन ना?"

पंकजनं माझ्याकडे पाहिलं. शिपाई मामाजींचा दंड धरून वर चढवायला लागला होता. तीन वर्षं त्यांना तिथं रोज उठायचं होतं, जेवायचं होतं, रात्री झोपायचं होतं.

"हो मामाजी," मी म्हटलं. "उद्याच जाते."